तुळशीवर नर, आंब्यावर मादी: फळमाशीच्या नोंदी

मार्चअखेर

यंदा माश्या जिवंत हव्या होत्या, म्हणून सापळ्यात विष घातलं नाही. बागायतदार प्लायवूडचा तुकडा स्पिरिट, मिथाईल युजेनॉल (फळमाशीच्या नरांना ओढणारं वासाचं द्रव्य) आणि कीटकनाशक यांच्या ६:४:१ मिश्रणात भिजवून टांगतात. मी नुसत्या मिथाईल युजेनॉलचा कापसाचा बोळा घेतला, पाण्याच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं आत खोचलं आणि बाटली हापूसच्या कलमाला सावलीत टांगली. आत शिरायला सोपं, बाहेर पडायला अवघड. स्टुलावरून उतरतोय तोवर पहिली माशी बाटलीवर येऊन बसली. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण नर आसपास असला तर काही मिनिटांचाच प्रश्न असतो.

नवीन मंडळींसाठी ओळख. छाती काळपट, तिच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण आणि पंखाच्या वरच्या कडेने टोकापर्यंत सलग गेलेली तपकिरी रेघ दिसली की ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, आंब्यावरची फळमाशी. रेघ मध्येच तुटून टोकाला नुसता ठिपका उरला असेल तर तिच्याच कुळातल्या करेक्टा किंवा झोनाटा. झोनाटा अंगानेच तांबूस. तिन्ही जाती याच वासाला येतात, तेव्हा 'सापळ्यात फळमाशी आली' एवढ्यावर नोंद सोडू नका, जात लिहा. मग पोटाचं टोक बघा. मादीला तिथे टोकदार अंडनलिका असते. माझ्या बाटलीत एकही मादी नव्हती.

एप्रिल

बशीत तुळशीची पानं चुरगाळून ठेवली, शेजारच्या दोन बशांत पुदिना आणि कडीपत्ता. सकाळची उन्हं अंगणात आली तशा माश्या आल्या त्या थेट तुळशीवर. बाकीच्या दोन बशांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तुळशीच्या तेलात मिथाईल युजेनॉल असतंच. कमी-जास्त प्रमाण वाणावर ठरतं. आई वृंदावनाला पाणी घालता घालता म्हणाली, "ह्येंका पण तुळस व्हयी?"

भिंग धरून एका नराकडे बराच वेळ बघत बसलो. पान जिथे चुरगळलं होतं तिथेच तो सोंड टेकवत होता. सोंडेच्या टोकाची गादी पसरायची, ओल्या जागेवर फिरायची, मिटायची, की पुन्हा अर्ध्या मिलिमीटरवर पसरायची. काडीने ढोसलं तर एक पाऊल बाजूला सरकला आणि परत खायला लागला. एरवी हीच माशी कॅमेऱ्याची सावली पडली तरी उडते.

ही ओढ पहिल्यांदा नोंदली गेली ती आपल्याच देशात. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ मध्ये लिहिलं की सिट्रोनेला तेलावर फळमाश्यांचे नर गोळा होतात. त्यातला नेमका घटक मिथाईल युजेनॉल आहे हे त्यांनीच १९१५ मध्ये दाखवलं. डास पळवायला जे तेल लोक अंगाला लावतात, त्यावर ही माशी झेप घेते!

पण नराला ते हवं कशाला? त्याचं पोट यावर भरत नाही. खाल्लेल्या मिथाईल युजेनॉलपासून त्याच्या शरीरात दुसरी दोन द्रव्यं बनतात (त्यातलं एक कोनिफेरिल अल्कोहोल), ती गुदद्वाराजवळच्या ग्रंथीत साठतात, आणि तिन्हीसांजेला पंख फडफडवत नर तो वास हवेत सोडतो. असा वास असलेल्या नरांना माद्या जास्त पसंत करतात. म्हणजे बाटलीकडे धावणारा नर लग्नाची तयारी करत असतो. आपल्याकडच्या बऱ्याच माहितीपत्रकांत याला सरसकट 'खाद्य आमिष' म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्यावरून शेतकऱ्याला वाटतं की माद्याही येतील.

दोन गोष्टी घरी पडताळून पाहिल्या. मातीतले कोष डब्यात ठेवून त्यांतून निघालेले कोवळे नर बोळ्याजवळ सोडले. त्यांना काही पडलेली नव्हती. नर वयात आल्यावरच हा वास त्याला ओढतो. आणि तुळशीवर मनसोक्त खाऊन झालेल्या नरांच्या पाठीला रंगाचा ठिपका देऊन सोडून दिलं. ते पुढच्या दिवसांत बाटलीत आले नाहीत. नमुना छोटा आहे, पण एकदा भरपूर मिळालं की काही दिवस ओढ मंदावते हे संशोधनातही नोंदलेलं आहे. बाग तुळशीने वेढलेली असेल तर सापळ्यातले आकडे जरा सांभाळूनच वाचावेत.

वास घेणारा अवयव म्हणजे दोन डोळ्यांच्या मधे लोंबणारी आखूड शृंगिका. तिच्या तिसऱ्या, फुगीर पेरावर सूक्ष्म केसांची दाट लव असते. वासाच्या केसाच्या भिंतीला असंख्य छिद्रं असतात. त्यातून रेणू आत शिरतो, आतल्या द्रवातली प्रथिनं त्याला चेतापेशीपर्यंत नेतात आणि तिथल्या ग्राहीवर (रेणू ओळखणाऱ्या प्रथिनावर) तो बसला की संदेश निघतो. डॉर्सालिसच्या नरात मिथाईल युजेनॉलसाठी ओआर८८ए नावाचा ग्राही महत्त्वाचा असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचं जनुक दाबलं की नराची धाव कमी होते. माझ्या यूएसबी सूक्ष्मदर्शकातून लव दिसते, छिद्रं दिसणं शक्य नाही. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

मे

आता चव. माशी पायांनी चव घेते हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण करून बघायला सामान फारसं लागत नाही. माशी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची, गारठली की काडीच्या टोकावर कोमट मेणाचा थेंब घेऊन तिच्या पाठीला चिकटवायची. हुशारीत आली की आधी साधं पाणी पाजायचं, नको म्हणेपर्यंत. ही पायरी टाळू नका. तहानलेली माशी पाण्यालाही सोंड काढते, मग साखरेचा निकाल कळत नाही.

पोटभर पाणी प्यायलेल्या माशीचे पुढचे पाय साखरेच्या पाण्याला टेकवले. तोंड अजून वर, हवेत. पाय भिजले त्याच क्षणी सोंड खटकन खाली आली आणि टोकाची गादी उघडली. साध्या पाण्यावर काही नाही. साखरेत काडेचिराइताचा काढा मिसळला तर सोंड अर्धी बाहेर येऊन मागे गेली, आणि पाय ती एकमेकांवर घासायला लागली. घट्ट मिठाच्या पाण्यावरून तर तिने पायच उचलले.

चवीचा केस वासाच्या केसापेक्षा वेगळा: छिद्र एकच, तेही टोकाला. म्हणून चव घ्यायला पदार्थाला टेकावंच लागतं. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिन्सेंट डेथियर यांनी ब्लोफ्लाय या सडक्या मांसावर येणाऱ्या माशीवर अशाच काडीला चिकटवण्याच्या पद्धतीने वर्षानुवर्षं काम केलं. त्या माशीच्या एकेका केसात साधारणपणे चार चवपेशी आणि एक स्पर्शाची पेशी असते. गोड आणि कडू एकत्र आलं की कडवटाची पेशी बोलते आणि गोडाची दबते. काढ्याच्या वेळी सोंड अर्ध्यातून परत गेली ती बहुधा यामुळेच.

मे, उतरता

माद्यांसाठी औषधाच्या प्लॅस्टिक डब्यांना सुईने भोकं पाडली. एकीत पिकत आलेल्या हापूसचा गर, दुसरीत कच्च्या कैरीचा कीस, तिसरीत पाणी. डब्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवल्या. त्यात डंखलेल्या आंब्यांतल्या अळ्यांपासून वाढवलेल्या माद्या होत्या. (अळ्या वाढवणार असाल तर डबा बंदच ठेवा. पूर्ण वाढलेली अळी अंगाची कमान करून उडी मारते आणि चांगली वीतभर लांब पडते.)

गराच्या डबीवर मादी उतरली, थोडं चालली, थांबली. पुढच्या पायांनी पृष्ठभाग चाचपला, मग पोट वाकवून टोक एका भोकावर आणलं. अंडनलिका दुर्बिणीसारखी पेरापेरांनी लांबत गेली. आत घातली, काढली, पुढच्या भोकाशी गेली. तिथे मात्र ती स्थिर राहिली. नंतर झाकण उघडलं तर भोकाखाली पांढरी, किंचित बाकदार अंडी एकत्र चिकटलेली. कैरीच्या डबीत अंडी तुरळक, पाण्याच्या डबीत नाहीत.

बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये आंब्याच्या वासातले कोणते घटक मादीला अंडी घालायला लावतात ते शोधलं: गॅमा-ऑक्टालॅक्टोन, एथिल टिग्लेट आणि १-ऑक्टेन-३-ऑल. मादी यासाठी हिंडते. नराच्या यादीतलं मिथाईल युजेनॉल तिच्या यादीत नाही, त्यामुळे बाटली नरांनी खच्चून भरली तरी आधीच समागम झालेली मादी फळाला टोचतच राहते. या सापळ्यांपुरता उपाय एकच, ते फळ तयार होण्याच्या बरेच आधी आणि साऱ्या वाडीने मिळून लावायचे, म्हणजे माद्यांना नरच मिळू नयेत. पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावर हे टोकाला नेलं गेलं. मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकून तिथली डॉर्सालिस संपवली, त्याची नोंद १९६५ मध्ये छापली. ते बेट होतं. आमच्या कलमांच्या पलीकडे दुसऱ्याची कलमं आहेत.

जून

पाऊस सुरू झाला, आंबा संपला, कारल्याचा मांडव चढला. त्यावरची माशी वेगळी: छातीवर मधोमध तिसरी पिवळी रेघ, पंखाच्या टोकाला मोठा डाग. झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. हिचे नर मिथाईल युजेनॉलला येत नाहीत, त्यांना क्यू ल्युअर हे दुसरं वासाचं द्रव्य लागतं. पाण्याच्या संपर्कात त्याचं रास्पबेरी कीटोन बनतं आणि नराचं लक्ष खरं तर त्यावर असतं. दोन्ही बोळे दोन बाटल्यांत शेजारी टांगले आहेत. आतापर्यंत सरमिसळ नाही.

पुढचं काम माद्यांना बाटलीपर्यंत आणायचं. अंडी पोसायला त्यांना प्रथिनं लागतात, आणि प्रथिनांची भूक असलेली मादी फळापेक्षा आंबलेल्या, यीस्टच्या वासाकडे वळते. गूळ-पाणी आणि यीस्ट, नुसतं गूळ-पाणी, नुसतं पाणी अशा तीन बाटल्या मांडवाच्या कडेला लावतोय. माश्यांच्या पाठीला ठिपके द्यायला कुणी नेलपॉलिश घेणार असेल तर नको, त्याच्या उग्र वासाने सगळीच नोंद बिघडायची. पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग घ्या आणि तो टाचणीच्या डोक्याने लावा, ब्रशने पंख चिकटतात.