तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसाची मुलगी पोलिसांना वेळ का विचारते

गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच. "तुझे वडील पोलिसात होते ना? मग इथे पोलिसांच्या मागे का लागलीयेस?" सांगलीहून मावशीचा फोन आला की तिचा प्रश्न वेगळा असतो: "एवढा जीव टांगणीला लागतो तर मुलांना घेऊन परत का येत नाहीस?" चार वर्षं मी दोघांनाही अर्धवट उत्तरं देत आलेय. आता एकदाच पूर्ण सांगते.

मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोजवळ राहते. युवाल्डी इथून पश्चिमेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. २४ मे २०२२ ला तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. मारेकरी अठरा वर्षांचा होता आणि रायफली त्याने दुकानातून रीतसर घेतल्या होत्या, हेही तुम्ही वाचलं असेल. बंदुकांबद्दल मला काय वाटतं ते तुम्हाला विचारायची गरज पडत नाही. तुम्हाला खटकतं ते हे, की मी शाळा मंडळाच्या बैठकीत तीन मिनिटांसाठी उभी राहते आणि दर वेळी पोलिसांच्या वेळा विचारते. किती वाजता आले, किती वाजता आत गेले, हुकूम कुणाचा होता.

त्या दिवशी मारेकरी ११:३३ ला शाळेत शिरला. तीन मिनिटांत पोलीसही इमारतीत होते. वर्गाचं दार उघडून त्याला मारलं १२:५० ला. मधली ७७ मिनिटं. वर्गातून एक मुलगी ९११ ला पुन्हा पुन्हा फोन करत होती, पोलीस पाठवा म्हणत होती, आणि पोलीस दाराबाहेरच्या बोळात उभे होते. शेवटी जमले ३७६. त्यात सीमा गस्तीचे जवळपास दीडशे, राज्य पोलिसांचे ९१, आणि शाळेच्या स्वतःच्या पोलीस दलाचे पाच. वर्गाच्या किल्ल्या शोधण्यात वेळ गेला. चौकशी समितीच्या मते दाराला बहुधा कुलूप लागलेलंच नव्हतं, आणि कडी फिरवून कुणी पाहिली नव्हती.

हे मी कितीही वेळा लिहिलं तरी बोटं थांबतात.

मी पोलीस लाइनीत वाढले. अण्णा हवालदार होते, दोन खोल्यांचं क्वार्टर, दोरीवर वाळणारी खाकी. बंदोबस्ताला गेलेले अण्णा दोन-दोन दिवस यायचे नाहीत, तेव्हा आईचं जेवण तसंच झाकलेलं असायचं. खाकीला नावं ठेवणाऱ्याशी मी शाळेत भांडलेय. म्हणून २०१८ मध्ये, फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर, पालकांच्या बैठकीत मीच उभी राहिले होते. म्हटलं, प्रत्येक शाळेच्या दारात हत्यारबंद पोलीस हवा. एक कृष्णवर्णीय आई माझ्यानंतर बोलली. ज्या भांडणासाठी तुमच्या मुलांना घरी चिठ्ठी येते, त्याच भांडणासाठी आमच्या मुलांना बेड्या पडतात, असं ती म्हणाली. मला ती आडमुठी वाटली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पार्कलँडच्या शाळेत हत्यारबंद पोलीस होता. तो बाहेर उभा राहिला. ही बातमी आठवड्याभरात आलीही होती. मी ती वाचली आणि मनात म्हटलं, एक माणूस कच्चा निघाला, म्हणून काय सगळे तसे? युवाल्डीनंतर हे वाक्य माझ्या उपयोगाचं राहिलं नाही. ३७६ माणसं एकाच वेळी भित्री निघत नाहीत. त्यांच्यात सैन्यात राहून आलेले असतील, तिथे मुलं शिकणारे बापही असतील. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला तेव्हा पोलीस विशेष पथकाची वाट पाहत थांबले होते, आणि तेव्हापासून सगळ्यांना एकच शिकवलं जातं: थांबायचं नाही, पहिला येईल त्याने आत जायचं. हे त्यांना माहीत होतं. पण हुकूम कोण देणार ते माहीत नव्हतं. ज्याने सूत्रं हाती घ्यायची तो शाळेच्या पोलिसांचा प्रमुख म्हणाला, त्या कारवाईचा प्रमुख मी आहे असं मी समजतच नव्हतो.

आता तो मंगळवार. हे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

२०२३ चा सप्टेंबर होता. मी ऑफिसात होते. सकाळी १०:२० ला लेकीचा मेसेज आला: "आई, लॉकडाउन. ड्रिल नाहीये." ती सातवीत होती. ड्रिल तिला बालवाडीपासून पाठ: कुलूप, दिवे बंद, नजरेआड. मी फोन लावायला गेले तेवढ्यात दुसरा मेसेज: "फोन करू नको. आवाज होईल."

अकरा मिनिटांत शाळेपाशी पोचले. पिवळी टेप लागलेली, अलीकडे साठ-सत्तर पालक. पलीकडे पोलीस. मी मोजले, चौदा. छातीवर रायफली. त्यांची तोंडं आमच्याकडे होती आणि पाठ शाळेकडे. सगळे चौदा आम्हाला सांभाळत होते. एका तरुण पोलिसाला मी विचारलं, "आत कुणी गेलंय का?" तो म्हणाला, "मॅडम, टेपच्या मागे राहा." मी एक पाऊल मागे झाले. पुन्हा विचारलं नाही. पोलिसाने मागे हो म्हटलं की मागे व्हायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

माझ्या डाव्या हाताला एक माणूस होता. बांधकामावरून तसाच आलेला, बुटांवर सिमेंट वाळलेलं. फोनकडे बघत होता आणि ओठातल्या ओठात स्पॅनिशमध्ये काही म्हणत होता. मग त्याने फोन खिशात घातला आणि टेप ओलांडली. पळाला नाही, चालत निघाला. दोघांनी त्याला धरलं, गवतावर पालथं पाडलं, एकाने पाठीवर गुडघा ठेवला. तो ओरडत होता, माझा मुलगा आत आहे, तुम्ही का नाही जात? आणि तेव्हा मी बोलले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चांगल्या इंग्रजीत. म्हटलं, "त्यांना त्यांचं काम करू द्या."

गवतात गाल दाबला गेला होता, त्यातून त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. हे कोण बोललं, एवढंच बघितल्यासारखं.

युवाल्डीला दीड वर्षही झालं नव्हतं. तिथे शाळेबाहेर आईबापांना असंच अडवलं होतं. एका आईला बेड्या घातल्या होत्या, आणि सुटल्यावर ती कुंपणावरून आत जाऊन आपल्या मुलांना घेऊन आली होती. हे मी वाचलेलं होतं. वाचताना रडले होते. आणि तरी माझ्या तोंडून ते वाक्य निघालं.

४१ मिनिटांनी सांगितलं, खोटा फोन होता. कुणीतरी मजेखातर किंवा दुष्टाव्याने केलेला. इथे असे फोन होतात. मग आम्हाला स्टेडियममध्ये नेलं, ओळखपत्र दाखवून एकेक मूल ताब्यात दिलं. गाडीत बसल्यावर लेकीने विचारलं, "तू बाहेरच होतीस ना?" हो म्हटलं. "मग आत का नाही आलीस?" पोलिसांनी येऊ दिलं नाही, असं मी म्हणाले. ती "ओके" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिने तो विषय परत काढलेला नाही. तिने काढावा असं मला वाटतं, आणि काढू नये असंही वाटतं.

तुम्ही म्हणाल, खोटा फोन होता, कुणाला काही झालं नाही, मग एवढं काय? मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या ४१ मिनिटांत फोन खोटा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे ती खऱ्यासारखीच वापरली गेली. कशी वापरली गेली, एवढंच मला हवंय. दहा बैठकांत मी तेच विचारलंय.

त्या रात्री अण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गर्दीला मागे सारणारच गं," म्हणाले. "मीपण सारलं असतं. पोरांना गोळी लागू नये तशी आईबापांनाही लागू नये." थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "डायरीत बघ. किती वाजता कोण आत गेलं." पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते. कोण बाहेर पडलं, कोण परत आलं, काय खबर आली, सगळं वेळेनिशी लिहायचं. अण्णांना ठाणे अंमलदाराची ड्युटी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि ते मान खाली घालून लिहीत असायचे.

अण्णांना दुखवायचं नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून हेही सांगते. मी चौथीत असताना डबा घेऊन गेले तर बाकावर एक बाई बसलेली होती. तिची मुलगी घरी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर बाई तिथेच. मी अण्णांना विचारलं, तिचं लिहून का घेत नाही? ते म्हणाले, "साहेब आल्याशिवाय मला घेता येत नाही." त्यांना घेता येत होतं. त्यांनाही ते माहीत होतं. त्या मुलीचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही, आणि आता ते ब्याऐंशीचे आहेत, आता मी विचारणार नाही. पण ३७६ माणसं कुणाची वाट बघत होती हे वाचलं, तेव्हा मला आधी तो बाक आठवला.

मावशीला यातच उत्तर आहे. "आपल्याकडे असलं काही नसतं" असं ती म्हणते. बंदुकांच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला, तेव्हा त्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवायला पोलीस ठाण्यात जवळपास बारा तास ताटकळावं लागलं. लोक रुळावर उतरले तेव्हा कुठे निलंबनं झाली. तिथेही बाकच होता, मावशी. परत येऊन मी कुठे उभी राहू?

इथे कायद्याने काही होईल असं मला २०२२ मध्ये वाटत होतं. राज्य पोलिसांचे प्रमुख तिसऱ्याच दिवशी म्हणाले होते, थांबण्याचा तो निर्णय चुकीचा होता. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याचा अहवाल आला, आणि त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख, ॲटर्नी जनरल, म्हणाले, पोलीस शिकवल्याप्रमाणे वागले असते तर काही जीव वाचले असते. पण पार्कलँडचा तो पोलीस २०२३ मध्ये निर्दोष सुटला. युवाल्डीचा एक माजी शालेय पोलीस अधिकारी जानेवारी २०२६ मध्ये सुटला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच कोलोरॅडोतल्या एका आईचा दावा फेटाळला होता. नवऱ्याने तीन मुली पळवून मारल्या, ती रात्रभर पोलिसांना विनवत होती, तिच्याकडे न्यायालयाचा मनाई हुकूम होता, तरी त्या हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नाही, असा निकाल. एकेका पोलिसाला तुरुंगात टाकून हे सुटेल असं मला आता वाटत नाही. पण मग कशाने, हे विचारलंत तर मी अडखळते.

टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये मार्च २०२३ ला एका शाळेत गोळीबार झाला, तिथे पोलीस आत गेले. पहिल्या फोनपासून चौदा मिनिटांच्या आसपास सगळं संपलं. तरी सहा जण गेले, त्यात तीन मुलं. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण मी दोनदा पाहिलं. जाता येतं, हे मला बघायचं होतं.

आणि एक गोष्ट, जी मला सर्वांत उशिरा कळली. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये शाळांवरचे वेळीच उधळले गेलेले ६७ कट अभ्यासले. बहुतेकदा आधी कळलं ते मित्रांना, वर्गातल्या मुलांना, आणि कुणीतरी मोठ्यांना सांगितलं म्हणून ते टळलं. मी लेकीला विचारलं, तुला कुणाबद्दल असं काही कळलं तर शाळेतल्या पोलिसाला सांगशील? नाही म्हणाली. का? तर त्याने कँटीनमधल्या मारामारीत दोन मुलांना बेड्या घालून नेलं होतं, आणि त्यातला एक नुसता सोडवायला गेला होता. त्याबद्दल त्याला कुणी विचारलं नाही. "मी सांगितलं आणि माझं चुकलं असेल तर?" ती म्हणाली. २०१८ च्या बैठकीतली ती आई मला तेव्हा ऐकू आली, पाच वर्षांनी. जाब विचारणं म्हणजे पोलिसांचं खच्चीकरण, असं तुम्ही म्हणता. माझी मुलगी ज्याला काही सांगायला घाबरते, तो दारात उभा राहून नेमकं काय थोपवणार?

तरी खरं सांगू? टेक्सासने २०२३ मध्ये प्रत्येक शाळेत हत्यारबंद रक्षक सक्तीचा केला. धाकट्याच्या शाळेत रोज सकाळी त्या रक्षकाची गाडी उभी असते, आणि एखाद्या दिवशी दिसली नाही तर माझ्या पोटात गोळा येतो. तो काढून टाका असं मी म्हणू शकत नाही. ठेवा असंही मोकळेपणाने म्हणता येत नाही. २०१८ मधली मी अजून माझ्याशी भांडते, आणि काही दिवस तीच जिंकते.

त्या मंगळवारचे कागद मी माहिती कायद्याखाली मागितले. दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायचे, किंवा राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे हरकत पाठवायची, असा इथला नियम. त्यांनी हरकत पाठवली. ज्या तपासातून कुणाला शिक्षा झाली नाही, त्याचे कागद रोखून धरायची सोय टेक्सासच्या कायद्यात आहे, आणि खोट्या फोनवाला कधी सापडलाच नाही. बऱ्याच महिन्यांनी दोन पानं आली. वेळेच्या रकान्यात १०:१४ ला पहिला फोन, १०:१९ ला पहिली गाडी. त्याखालच्या ओळी काळ्या. पार शेवटी ११:१२, प्रसंग समाप्त.

अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "खाली सही कुणाची आहे?"

सही नव्हती. मी पुन्हा अर्ज केलाय.