मार्कवर बोट का थांबते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शिडाच्या बोटींच्या शर्यतीतला प्रश्न नेहमीचाच: सरळ पट्ट्यात आम्ही कुणाला ऐकत नाही, मग मार्क (वळायची खूण म्हणून नांगरलेला बोया) वळला की दोन बोटी पुढे कशा निघतात?

त्या पुढे जात नाहीत, तुम्ही थांबता. सुकाणू पाण्यात आडवं केलं की तो ब्रेकच. बोट वळवायची ती अंगाच्या भाराने आणि मेनशीटने (शीड आवळायचा-सोडायचा दोर, पुढे नुसतं शीट), सुकाणूने नुसती साथ द्यायची.

वाऱ्याकडच्या मार्कवर बहुतेकांचा किकर (शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढून धरणारा दोर) ताणलेलाच राहतो. मग शीट सोडली तरी शिडातला वारा सुटत नाही, बोट कलते, आणि कलली की नाक वाऱ्याकडेच ओढ घेतं. टिलर (सुकाणूचा दांडा) पोटाशी ओढून उपयोग नाही. आधी किकर ढिला करा, हातभर शीट सोडा, बाहेर झुकून बोट किंचित आपल्याकडे कलवा. ती आपसूक खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, पडते.

खरी मारामारी खालच्या, म्हणजे वारा जातो त्या टोकाच्या, मार्कवर. नियमातला झोन (मार्कभोवतीचं वर्तुळ) तीन बोटींच्या लांबीचा, म्हणजे लेझरला (एकट्याने चालवायची छोटी बोट) जेमतेम 13 मीटर. त्याआधीच सेंटरबोर्ड (बोटीखालची उभी फळी) खाली, कनिंगहॅम आणि आउटहॉल (शीड सपाट करणारे दोर) ताणून झालेले हवेत. बोर्ड वर राहिला तर वळल्यावर बोट कुर्लीसारखी आडवी चालते. शिरताना मार्कपासून एक-दीड बोट लांब, सुटताना हात पोचेल इतकं जवळ (लावू नका, स्पर्श झाला की दंड म्हणून एक टॅक, म्हणजे नाक वाऱ्यातून वळवणं, आणि एक जाइब, म्हणजे मागची बाजू वाऱ्यातून वळवणं, अशी पूर्ण गिरकी). जवळून शिरलात तर वळणाचा फुगा मार्कनंतर येतो आणि मागची बोट त्या फटीत घुसते. वळताना बोट थोडी शिडाकडे कलू द्या, शीट हातावर हात घेत ओढा. शीड फडफडलं तर हात मागे पडलाय. बोट जड होऊन सरकली तर घाई झालीय. वाऱ्याला लागताच बाहेर झुकून सपाट करा, तिथे धक्का मिळतो.

गर्दी असेल तर बाहेरून चौथी बोट होऊन फिरण्यापेक्षा शीट सोडून थांबलेलं आणि कुणाच्या तरी मागून आत शिरलेलं बरं. हे पटायला वेळ लागतो.

आपल्याकडे यात पाण्याची ओढ मिसळते. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं, मालवणकडे त्याच्या साधारण निम्मं. खाडीच्या तोंडाशी दुपारी खारा वारा आणि भरती दोन्ही आत येत असतील तर वरच्या मार्कसाठी टॅक उशिरा घ्या, खालचं वळण लवकर सुरू करा. नाहीतर पाणी मार्कच्या पलीकडे नेऊन सोडतं. ओहोटीला उलट. शंका असेल तर जाळ्याचा बोया बघा. ज्या बाजूला पाणी चढलंय तिकडून ओढ, दुसऱ्या बाजूला तिची शेपटी.

सरावाला वीस लिटरचा रिकामा कॅन, दोर आणि दगड पुरे. टिलर दोन बोटांत धरून दहा फेऱ्या मारा. मूठ आवळली की ती फेरी मोजायची नाही.