ज्योतींची नळी: लाट स्थिर झाली, आता मोजमाप

रबरी पडदा नीट ताणून बसवल्यापासून नळी शहाण्यासारखी वागतेय, तेव्हा या वेळी थेट आकड्यांवर येतो.

नव्यांसाठी थोडक्यात: नळीत आवाजाची स्थिर लाट (जागच्या जागी वर-खाली होणारी) उभी करायची आणि भोकांतून निघणारा गॅस पेटवून ती ज्योतींच्या उंचीत बघायची. दीड मीटरची ॲल्युमिनियमची नळी, वर एका रेषेत दर २ सेंमीला दीड मिमीचं भोक. एका टोकाला धातूचं झाकण, तिथूनच एलपीजी आत. दुसऱ्या टोकाला पडदा आणि त्याच्यासमोर स्पीकर. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश रूबेन्सने १९०५ मध्ये ४ मीटरच्या नळीला २०० भोकं पाडली होती. अंतर हेच, २ सेंमी. एवढं ड्रिलिंग करायची चिकाटी माझ्यात नाही. पंचने (टोकदार खिळ्यासारखं हत्यार) खूण ठोकूनच ड्रिल लावा, नाहीतर बिट गोल नळीवरून घसरतं. भोकाच्या कडेला धातूचा कीस राहिला, तर तिथली ज्योत तिरकी जळते.

आता गंमत. स्पीकरला साधा साइन टोन (एकाच वारंवारतेचा सूर) दिला आणि वारंवारता हळूहळू चढवत नेली. ३९७ हर्ट्झला ज्योती एकदम शिस्तीत उभ्या राहिल्या. दोन शिखरांमधलं अंतर ३० सेंमी भरलं. स्थिर लाटेत हे अर्ध्या तरंगलांबीएवढं, म्हणजे आवाजाचा वेग (तरंगलांबी × वारंवारता) २ × ०.३० × ३९७, साधारण २३८ मीटर प्रति सेकंद. हवेतला ३४३ इथे चालत नाही, कारण नळीत हवा नसून जड गॅस आहे. प्रोपेनमध्ये वेग २५०च्या आसपास, ब्यूटेनमध्ये त्याहून कमी; एलपीजी म्हणजे दोघांचं मिश्रण, तेव्हा आकडा पटतो.

‘उंच ज्योत म्हणजे तिथे दाब जास्त’ असं सर्रास सांगितलं जातं. ते सरसकट खरं नाही. भोकातून निघणारा गॅस दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. त्यामुळे दाब जिथे जोरात वर-खाली होतो, तिथे वाढताना जेवढं मिळतं त्याहून घटताना जास्त जातं. सरासरी प्रवाह कमी, ज्योत बुटकी! गॅस बारीक करून आवाज वाढवला की चित्र चक्क उलटतं: बुटक्यांच्या जागी उंच ज्योती. अंतर मात्र तेच राहतं, म्हणून मोजमापाला धक्का लागत नाही. व्हॉल्व्ह हळू फिरवत हा पालट बघाच. गाणी लावून ज्योती नाचवण्यापेक्षा मला यात जास्त मजा येते.

नळी तापली की गॅसमधला वेग वाढतो आणि ३९७ वरचं चित्र विस्कटू लागतं. मग टोन थोडा वर सरकवावा लागतो. तेव्हा मोजायचं ते पेटवल्यावर लगेच, किंवा तापमान टिपून.

नेहमीचं बजावणं: प्रयोग उघड्यावरच, सांधे साबणाच्या फेसाने तपासून. आतली हवा गॅसने पूर्ण हुसकावल्याशिवाय काडी ओढू नका, हवा-गॅसचं मिश्रण आत पेटलं तर स्फोट होतो.

पुढचं काम: झाकणात तापमापक बसवून वेग-तापमानाचा आलेख काढणं. कुणी नुसत्या प्रोपेनवर नळी चालवली असेल तर आपले आकडे टाका, ताडून बघू.