झोपाळ्याची गादी झाली, आता अगाशीवरच्या खुर्च्या

दिवाणखान्यातल्या सोफ्याचं कव्हर पूर्ण झालं. आधी मांजरपाटाचा नमुना सोफ्यावर उलटा पसरून टाचण्यांनी अंगासरसा बसवला आणि त्यावरून जाड सुती कापड बेतलं. कापड बेतण्याआधी धुऊन वाळवलंच पाहिजे, कारण सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं. बैठक आणि पाठ मिळतात तिथे 12 ते 15 सेंटिमीटर कापड खोचायला जास्तीचं सोडलं आहे. ते नसेल, तर कुणी बसलं की सगळं कव्हर पुढे ओढलं जातं.

खरा जीव रमला तो झोपाळ्यात. बडोद्यात आपल्या लोकांच्या घरीही झोपाळा म्हणजे घरातली मानाची जागा, तेव्हा त्याची गादी बाजारातून आणून टाकणं मनाला पटेना. आमच्या फळीच्या चारही कोपऱ्यांना पितळी कड्या आहेत, म्हणून गादीचे कोपरे आत कापून घ्यावे लागतात. त्या आतल्या कोनात माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेलं कापड, शिलाईच्या 2 मिलिमीटर अलीकडपर्यंत कातरायची, म्हणजे कापड वळतं. पण तेवढीच जागा कमकुवत होते. मी तिथे आतून कापडाचा छोटा चौकोन ठेवून शिलाई दुहेरी मारली. कोन अगदी स्वच्छ बसला.

कडेला गडद मरून गोट, म्हणजे आत दोरी घालून शिवलेली पट्टी. दोरी 4 मिलिमीटरची, माया दीड सेंटिमीटर, म्हणून पट्टी सुमारे साडेचार सेंटिमीटर रुंद, आणि ती उरेबच, म्हणजे कापडावर तिरकी कापलेलीच हवी. आडव्या-उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी वळणावर चुण्या धरते. पट्ट्यांचे जोड तिरके घातले, त्यामुळे जाडी एका जागी साचत नाही. दोरी सुती असल्याने तीही आधी भिजवून घेतली. गोटाला मशीनचा चेन लावायचा पाय, 16 नंबरची सुई आणि साडेतीन मिलिमीटरचा टाका. अभ्रा फोमपेक्षा लांबी-रुंदीला एकेक सेंटिमीटर लहान शिवला, त्यामुळे गादी ताठ राहते.

अगाशीवरच्या लोखंडी खुर्च्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. घरात भांडण मापाशी, बाहेर पाण्याशी. साधा फोम स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि आतून कुबट होतो. त्यासाठी मोठ्या उघड्या छिद्रांचा फोम मिळतो, त्यातून पाणी खाली निथळतं. पण अभ्र्याचा तळ बंद असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून तळाला जाळीचं कापड लावणार आहे. सुती दोरा ऊन-पावसात कुजतो, तेव्हा दोरा पॉलिएस्टरचा. चेन नायलॉनची, मागच्या कडेला, वरून झाकणपट्टी. कापड धागा तयार होण्याआधीच रंग मिसळलेलं अ‍ॅक्रिलिक; वरून रंगवलेल्या कापडापेक्षा त्याचा रंग उन्हात कितीतरी जास्त टिकतो. गोट इथे टाळणार, कारण बैठकीच्या कडेवर उंचवटा आला की त्यामागे पाणी थांबतं.

14 जानेवारीला उत्तरायणात सगळं घर अगाशीवर असेल, त्याआधी चार उशा हव्यात. फोम कापून झाला आहे. मागच्या दोन पायांना बांधायच्या नाड्या तळाच्या शिवणीतच धरायच्या आहेत, नाहीतर पतंगाच्या वाऱ्यात उशा शेजाऱ्यांकडे जातील. आता जाळीची पट्टी बेतायला घेतो.