तालमीतल्या उजेडाने ठरवलेला माझा पहिला कॅमेरा

गेल्या उन्हाळ्यात कॅमेरा घ्यायचे ठरवले तेव्हा माझ्याजवळ ३५,००० रुपये होते आणि डोक्यात मेगापिक्सल व झूम हे दोनच शब्द होते. आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळ्यावरच्या संध्याकाळींसाठी मोबाइल पुरत होता. अडत होते ते गंगावेशीकडच्या एका तालमीत, जिथे माझा पुतण्या पहाटे सरावाला जातो. कौलांखाली दोन ट्यूबलाइट, हौद्यात उजेड गिळून टाकणारी लाल माती आणि क्षणभरही स्थिर न राहणारे पैलवान, अशा ठिकाणी मोबाइलवर चेहऱ्यांऐवजी नुसते फराटे उमटत. फ्लॅश मारायला वस्तादांची सक्त मनाई होती, आणि ती योग्यच होती.

पहिल्या दुकानात मला साठपट झूमचा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा दाखवण्यात आला. पंचगंगेच्या घाटावरून पलीकडच्या काठावरचा बगळा टिपता येईल, या कल्पनेने मी जवळजवळ पैसे मोजलेच होते. घरी येऊन माहितीपत्रक नीट वाचले तेव्हा कळले की त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, तर त्याच किमतीत मिळणाऱ्या जुन्या डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा) सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने तेरापट मोठा आहे. अंधाऱ्या जागी या फरकापुढे झूमचा आकडा फिका पडतो. मेगापिक्सलचा मोहही त्याच रात्री सुटला, कारण २४ मेगापिक्सलचा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २० बाय १३ इंचांपर्यंत छापता येतो आणि माझ्या घरात तेवढी मोकळी भिंत नाही.

यानंतर मी जे केले ते आधीच करायला हवे होते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडून त्याचा जुना निकॉन, सोबतच्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या झूम लेन्ससह, एका दिवसासाठी मागून आणला आणि पहाटे तालमीत दोनशेच्या वर फोटो काढले. बहुतेक सगळे हललेले आले, पण त्या वाया गेलेल्या फोटोंनीच मला पुढचा निर्णय दिला. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाईलमध्ये तो कोणत्या फोकल लेंग्थला (लेन्स किती मिलिमीटरवर होती), किती शटरवेगाने आणि किती आयएसओवर (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवून) काढला याची नोंद असते. ती संगणकावर तपासली तेव्हा दिसले की मी झूम फिरवत राहिलो तरी निम्म्याहून जास्त फोटो ३५ मिलिमीटरच्या आसपास काढले होते. त्या जागी या लेन्सचे छिद्र फार तर एफ ४.५ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), त्यामुळे आयएसओ ६४०० वरही शटर १/६० सेकंदाच्या पुढे जात नव्हते. धोबीपछाड १/६० ला पकडता येत नाही. एफ १.८ ची लेन्स त्याहून सहापट उजेड आत घेते, म्हणजे तेच शटर १/३२० च्याही पुढे जाणार होते. याचा अर्थ निम्मी निवड झाली होती : आधी ३५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स, आणि उरलेल्या पैशांत तिला साजेसा कॅमेरा.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला नवा प्रकार, घ्यावा, असे बहुतेकांनी सुचवले. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, हे मलाही ठाऊक होते. पण माझ्या पैशांत मिररलेस आणि हवी ती लेन्स दोन्ही बसत नव्हती, म्हणून वापरलेला निकॉन डी ५३०० शोधायचे ठरवले.

इथे दोनदा फसता फसता वाचलो. एका विक्रेत्याने ५० मिलिमीटर एफ १.८ ची जुनी 'डी' लेन्स स्वस्तात देऊ केली. त्या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते आणि डी ५३०० च्या अंगातही ती नाही, त्यामुळे ऑटोफोकस चाललाच नसता. दुसऱ्याकडची ३५ ची लेन्स बाहेरून नव्यासारखी चकचकीत होती. आत टॉर्च मारून पाहिले तर काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते. ती बुरशी होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सची हीच गत होते.

शेवटी एका निवृत्त शिक्षकांकडून २४,००० रुपयांना कॅमेरा मिळाला. त्यांच्यासमोरच एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग नाहीत ना ते पाहिले आणि फाईलमधून शटर किती वेळा उडाले तो आकडाही काढला. त्यांना माझा राग आला नाही, उलट चहा आला. लेन्स वेगळी, ८,५०० रुपयांना घेतली. उरलेल्या पैशांत रबरी पट्टीचा हवाबंद डबा आणि सिलिका जेल आणले. मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला, तिथे मला नुसता विकत घ्यायला तीन महिने लागले, याची गंमत वाटते.

पहिल्याच आठवड्यात पुतण्याचा डाव रंगात आलेला एक फोटो स्पष्ट आला. मांडीवर चिकटलेले मातीचे कण मोजता येत होते. मोठ्या अभिमानाने तो वस्तादांना दाखवला. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, फोटो मोठा करून घेतला आणि पुतण्याला हाक मारली, "बघ, डावा पाय कुठं टाकलायस ते!"