बांध नसलेलं शेत

फ्रान्समध्ये बर्गंडीत आहोत, बोन गावात हॉटेलवर परत आलोय पण डोक्यातून ती बाई जात नाहीये. तळघरात वाईन ओतता ओतता सहज म्हणाली, क्लो द वुजो या द्राक्षबागेतल्या एवढ्या ओळी माझ्या, त्याला लागून भावाच्या. मी विचारलं मधे काय? म्हणे काही नाही, टोकाला एक दगड आहे. आणि पुढचा ग्लास भरायला लागली.

बांधच नाही! पिनो नुआर, म्हणजे इथली लाल वाईन, तोंडात तशीच राहिली, आधी चेरी मग ओल्या पाल्याचा वास, सुहास काय काय सांगत होता, माझं लक्षच नव्हतं. आमच्याकडे बांधापायी काय काय झालं. धाकटे काका शेवटी आलेच नाहीत ना बाबांना बघायला.. असो.

मग मुद्दाम बाग बघायला गेलो. सितोच्या मठातल्या साधूंनी दगडी भिंत घातलेली, साधारण 50 हेक्टर. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाकडून गेली तरी 1889 पर्यंत एकसंध होती, मग तुकडे पडले, त्यात नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा म्हणजे वाटण्यांवर वाटण्या, आता 80 च्या आसपास मालक आहेत. वरच्या अंगाला उथळ चुनखडीची जमीन, खाली रस्त्याकडे जड चिकणमाती, पाणी धरणारी, पण लेबलवर सगळेच ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. भांडायला कारणं कमी आहेत का? तरी भिंत एक, नाव एक. इथल्या अशा नावांच्या तुकड्यांना क्लिमा म्हणतात, 2015 मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेले. आणि आमची चिंचेची पट्टी फक्त आईच्या तोंडात उरलीये, सातबाऱ्यावर नुसता गट नंबर, तोही दुसऱ्याच्या नावावर. हेवा वाटला मला, खूप, भिंतीला टेकून रडूच आलं.

पण आता शांतपणे आठवतेय तर ती अजूनही काही बोलली होती. भावाशी बोलणं होतं का विचारलं तर म्हणाली छाटणीच्या दिवसात, एरवी फारसं नाही. आणि पुढे वारसा कर भरायलाच मुलांना जमीन विकावी लागेल बहुतेक. जवळच्या मोरे-सें-दनी गावातली क्लो दे लाम्ब्रे ही बाग 2014 मध्ये एका मोठ्या लक्झरी ग्रुपने घेतलीच की. म्हणजे बाटलीला शेकडो युरो मिळतात म्हणून इथली माणसं ओळीओळीला धरून आहेत, आणि जमीन इतकी महाग झाली म्हणूनच ती हातातून जाणार. आमची तर कोरडवाहू, बाबा तरी किती वर्षं धरून ठेवणार होते, आणि काका तरी.

तिच्या भावाचं तळघर चार घरं सोडून, पत्ता तिनेच दिला. त्याची वाईन जरा करकरीत लागली, लाकडाचा वास जास्त. दोघांची एकेक बाटली घेतली, एकाच वर्षाची. दिवाळीत काकांच्या मुलाला घरी बोलवावं म्हणतेय. सुहास म्हणतो, आधी फोन तर कर.