नाकातून पिट्युटरीचं ऑपरेशन: आधीचं रक्त, नंतरचं पाणी

टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन, नॉर्मल आला की थायरॉईडचा विषय संपला, असं आपण धरून चालतो. माझ्या रिपोर्टमध्ये टीएसएच मर्यादेत होता आणि फ्री टी-4, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन, मर्यादेच्या खाली. थायरॉईड स्वतः बिघडलं असतं, तर टी-4 घसरताच टीएसएच वर चढला असता. तो जागचा हलला नाही, म्हणजे बिघाड तो सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत. माझ्या पिट्युटरीत गाठ होती. थकवा, थंडी न सोसणं, वजन वाढणं अशा तक्रारी असतील, तर टीएसएचबरोबर फ्री टी-4 मागून घ्या. एकटा टीएसएच इथे सरळ फसवतो.

ही ग्रंथी नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या हाडातल्या खळग्यात असते. हरभऱ्याएवढी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. पुढच्या भागातून टीएसएच, कॉर्टिसॉलवर (आजारपणात शरीर तगवणारं आतलं स्टिरॉइड) हुकूम चालवणारं एसीटीएच, प्रजननाची एलएच आणि एफएसएच, ग्रोथ हॉर्मोन आणि अंगावरचं दूध आणणारं प्रोलॅक्टिन सुटतं. मागच्या भागातून ऑक्सिटोसिन आणि मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावणारं व्हॅसोप्रेसिन. ही शेवटची दोन तयार होतात वर हायपोथॅलॅमसमध्ये, इथे फक्त साठतात. ग्रंथीच्या बरोब्बर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. 10 मिलिमीटरपेक्षा मोठी गाठ वर सरकली की तो छेद दाबला जातो आणि दोन्ही बाजूंचं कडेचं दिसणं आधी जातं. माझी गाठ याच जातीची: साधी, स्वतः कुठलंही हॉर्मोन न ओतणारी, फक्त जागा अडवून बसलेली.

ऑपरेशनआधीचं रक्त सकाळी 8 च्या सुमारास आणि उपाशीपोटी द्यायचं. कॉर्टिसॉल दिवसभर उतरत जातं, दुपारच्या आकड्याला अर्थ नाही. सकाळचं 3 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता पक्की, 15 च्या वर असेल तर सहसा काळजी नाही, आणि मधलं आलं तर इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. बायोटिनमुळे हॉर्मोनचे आकडे खोटे येतात. सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, दम्याचा पंप, कुणी दिलेली नाव नसलेली पुडी, सगळं डॉक्टरांना सांगा, कारण बाहेरून आलेलं स्टिरॉइड आतलं एसीटीएच दाबून टाकतं. एसीटीएचची नळी बर्फात ठेवून लगेच लॅबला जावी लागते. कलेक्शन सेंटर लांबच्या लॅबला नमुने पाठवणारं असेल, तर ही तपासणी तिथे करूच नये.

प्रोलॅक्टिनवर मात्र अडून बसा. ते फार वाढलेलं असेल तर गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असते, आणि ती बहुतेक वेळा कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनीच आटते, ऑपरेशन लागतच नाही. गाठ नुसती ग्रंथीला हायपोथॅलॅमसशी जोडणाऱ्या देठावर दाब देत असेल तरी आकडा थोडा वाढतो, पण सहसा 100 नॅनोग्रॅमच्या आत राहतो. गंमत अशी की प्रोलॅक्टिन अफाट असलं तर मशीन गोंधळतं आणि आकडा लहान दाखवतं. म्हणून मोठी गाठ आणि किरकोळ प्रोलॅक्टिन अशी जोडी दिसली, की नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगतात. मी तो पातळ केलेला रिपोर्ट हातात आल्यावरच ऑपरेशनची तारीख घेतली.

कॉर्टिसॉल आणि थायरॉईड दोन्ही कमी असतील, तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई), मग थायरॉक्सिन (टी-4 ची). थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल भरभर संपतं आणि माणूस कोसळू शकतो.

ऑपरेशन दुर्बिणीने, नाकपुडीतून होतं. चेहऱ्यावर टाका नाही. नाकातून जाण्याचा मार्ग 1907 मध्ये ऑस्ट्रियात हर्मान श्लोफर यांनी पहिल्यांदा वापरला, तेव्हा मात्र चेहरा कापून. तळाच्या पडद्याला भोक पडलंच तर मांडीची किंवा पोटाची चरबी लावून ते बुजवतात. म्हणून शुद्धीवर आल्यावर पोटावर पट्टी दिसली तर दचकू नका.

खरं काम पुढे असतं, आणि ते म्हणजे पाण्याचा हिशेब. मागच्या भागाला धक्का बसला की व्हॅसोप्रेसिन थांबतं. मग पाण्यासारखी पांढरी लघवी, तासाला 250-300 मिलिलिटर, सलग दोन-तीन तास, आणि बर्फाचंच पाणी हवं अशी तहान. लघवीची नळी काढल्यावर प्रत्येक वेळी मापाच्या भांड्यातच जायचं. वहीत वेळ, किती प्यायलो, किती झाली, आणि रोज सकाळी उठल्यावरचं वजन, एवढं लिहायचं. 'बरीच झाली' असं सांगून नर्सला काहीच कळत नाही. औषध डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनची नक्कल. नाक जखमी असल्याने स्प्रे चालत नाही, गोळी देतात. पुढची गोळी घड्याळाकडे बघून घ्यायची नाही. आधीचीचा असर उतरून लघवी पुन्हा मोकळी झाली की मगच, नाहीतर पाणी आत साचतं.

आणि काहींचं ते औषधाशिवायही साचतं, बहुतेकदा घरी गेल्यावर. साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात दुखावलेल्या पेशी साठलेलं व्हॅसोप्रेसिन एकदम सोडून देतात. लघवी कमी, वजन वर, डोकं जड, मळमळ, सुस्ती. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, शहाळं आणा, इलेक्ट्रॉल द्या, भरपूर पाणी पाजा. इथेच घात होतो. साचलेल्या पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते 135 च्या खाली गेलं की उपाय उलटा: पाणी कमी करायचं. दिवसाला साधारण लिटरभर, तेही चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचा घोट धरून. 125 च्या खाली गेलं तर घरी थांबायचं नाही, फिट येऊ शकते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावरच सातव्या दिवसाच्या आसपासचं सोडियम लिहून घ्या, रिपोर्ट त्याच दिवशी मिळेल अशी लॅब बघा, आणि सोबत कॉर्टिसॉलही विचारा, कारण ते कमी असलं तरी सोडियम पडतं.

नाकाचे नियम कंटाळवाणे आहेत, पण पाळायचेच. महिनाभर तरी शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. स्ट्रॉने पिणं, वाकून वजन उचलणं, कुंथणं बंद. बद्धकोष्ठाला इसबगोल नको, त्याला पाणी फार लागतं. डॉक्टरांकडून सिरप लिहून घ्या. वाकल्यावर नाकपुडीतून पाण्यासारखं पारदर्शक थेंब-थेंब येत असेल किंवा घशात खारट लागत असेल, तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं. त्यात ताप आणि मान आखडली, तर रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठायचं.

पुढे थायरॉक्सिनचा डोस फ्री टी-4 वर ठरतो, तो मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात हवा. टीएसएच खाली छापून येणारच. ते बघून कुणी गोळी कमी केली तर आपला थकवा परत. साधारण तीन महिन्यांनी कॉन्ट्रास्टचा एमआरआय आणि डोळ्यांची फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं त्याची तपासणी. फील्ड टेस्ट शक्यतो त्याच मशीनवर करावी, म्हणजे आधीच्या छापील नकाशाशी ताडता येते.

हायड्रोकॉर्टिसोन चालू राहिलं तर दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम, मोठा भाग उठल्याउठल्या, उरलेला दुपारी. ताप आला तर डोस दुप्पट, 39 अंश सेल्सिअसच्या वर तिप्पट. दात काढायचा असला तरी डॉक्टरांना आधी विचारायचं. उलट्यांमध्ये गोळी टिकत नाही, तेव्हा 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत आणि मग थेट हॉस्पिटल. ती पावडरची बाटली, सोबतचं पाणी, सिरिंज आणि 'स्टिरॉइडवर अवलंबून' असं लिहिलेलं कार्ड एकाच डब्यात ठेवलंय. पावडर विरघळवून सिरिंजमध्ये ओढायला घरात किमान दोघांना यायला हवं, कारण गरज पडते तेव्हा पेशंटचे हात थरथरत असतात.